गठ्ठ्यातली चोविसावी उत्तरपत्रिका

मार्च अर्धा सरला की आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरचा दिवा मध्यरात्र उलटली तरी जळत असायचा. पुण्यातल्या वारज्यात त्याचं कुणाला नवल नव्हतं. इथला हायवे रात्रभर झोपत नाही आणि त्याच्या कडेला राहणारेही फारसे झोपत नाहीत. पण त्या दिव्याखाली बारावीचे पेपर तपासले जायचे. तिथे राहणाऱ्या मॅडम कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवायच्या. त्या दिवसांत विरजण मागायला गेलं, तरी आधी टेबलावरचा गठ्ठा वर्तमानपत्राने झाकला जायचा, मगच दार उघडायचं. आता त्या निवृत्त झाल्या आहेत, म्हणून त्यांच्या परवानगीने एक गोष्ट सांगतो.

एका रात्री तेविसावी उत्तरपत्रिका फारच देखणी निघाली. मोत्यासारखं अक्षर, मुद्द्यांखाली रेघा, चौकटीत आकृती. ती संपवून मॅडमनी चोविसावी उघडली. तिचं अक्षर कोंबडीचे पाय, ओळी चढत्या. व्यक्तिमत्त्वावरच्या दीर्घोत्तरी प्रश्नाला त्यांनी गुण दिले आणि झोपायला गेल्या. सकाळी चहा घेताना तेच उत्तर पुन्हा सहज वाचलं, तर आणखी दोन गुण द्यावेसे वाटले. उत्तर तेच होतं, परीक्षक त्याच होत्या, रात्रही एकच मध्ये गेली होती. "मी वर्षभर फळ्यावर जे शिकवते, त्यात मीच सापडले की," असं म्हणून त्या हसल्या होत्या. हसण्यात थोडं ओशाळलेपणही होतं.

त्या जे शिकवायच्या त्याला शंभर वर्षं उलटून गेली आहेत. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1920 साली दाखवलं, की लष्करातले वरिष्ठ आपल्या हाताखालच्यांना गुण देताना माणसाच्या एका चांगल्या बाजूचा उजेड बाकीच्या सगळ्या बाजूंवर पाडतात. अंगापिंडाने भरदार असलेला अधिकारी त्यांना बुद्धीनेही उजवा वाटतो आणि नेतृत्वातही. यालाच आपण हॅलो इफेक्ट म्हणतो. त्याच्याही आधी, 1912 मध्ये, डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका 142 शिक्षकांकडून तपासून घेतली होती. तिला शंभरपैकी कमीत कमी 64 आणि जास्तीत जास्त 98 गुण पडले. भाषेचा विषय आहे, असं व्हायचंच, अशी टीका झाली. मग 1913 मध्ये त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली. तिथेही तोच घोळ झाला.

या शिक्षकांपैकी कुणी लबाड नव्हतं, ही यातली खरी गोम आहे. निकाल लागला की आपण 'पेपर कडक तपासला', 'बाई खडूस असणार' असं म्हणून मोकळे होतो. दोष माणसाच्या स्वभावावर टाकला की पद्धतीकडे बघावं लागत नाही.

आपल्या राज्य मंडळाची पद्धत वाईट आहे असंही नाही. पुण्यात मुख्यालय, राज्यभर नऊ विभाग. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, बारकोड असतो. परीक्षकाच्या वर नियामक, त्याच्यावर मुख्य नियामक. पेपर झाला की नियामकांची बैठक बसते आणि नमुना उत्तरं ठरतात. कोणत्या मुद्द्याला किती गुण, अर्धा कुठे द्यायचा, कुठे कापायचा, हे तिथे पक्कं होतं. परीक्षकाने दिलेले गुण नियामक पुन्हा तपासतो. ही चाळण नसती, तर एकट्यादुकट्या परीक्षकाच्या मर्जीवर लाखो मुलांचा निकाल टांगला असता.

पण मानसशास्त्राच्या पेपरात या चाळणीची भोकं वेगळ्या आकाराची आहेत. दीर्घोत्तरी प्रश्नात नमुना उत्तर मुद्दे मोजतं, आणि मुद्दा ओळखायचा तो पुस्तकातल्या शब्दावरून. एका मुलीने लिहिलं, 'व्यक्तीला परिस्थितीशी समायोजन साधता येते.' दुसरीने लिहिलं, 'गावाकडून इथे आल्यावर आईला रुळायला वर्ष लागलं, पण तिने शेजारी जोडले, कामं धरली आणि मग ती घाबरेनाशी झाली.' समायोजन म्हणजे काय हे दुसरीला जास्त कळलंय. परीक्षकाचा लाल पेन मात्र पहिलीच्या ओळीवर झटकन टिक करतो आणि दुसरीच्या ओळीवर घुटमळतो. गाइड पाठ केलेल्या वाक्याला धोका नसतो, स्वतःच्या वाक्याला असतो. मुलं मूर्ख नाहीत, हे त्यांना अकरावीतच उमगतं. मग माणसाच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या विषयात स्वतःच्या मनातलं लिहायचं नाही, असा अलिखित नियम तयार होतो.

यावर एक रास्त आक्षेप येईल. परीक्षकाला मोकळीक दिली, तर नशिबाचा भाग आणखी वाढेल. बरोबर आहे. सगळ्यांना सारखं मोजायचं आणि खरं ते मोजायचं, या दोन गोष्टी एकमेकींना ओढत राहतात आणि पूर्ण सुटका कुणाचीच होत नाही. पण माझी मागणी मोकळीक वाढवण्याची नाहीच. नमुना उत्तरातच 'स्वतःच्या शब्दांत किंवा योग्य उदाहरणाने संकल्पना स्पष्ट केल्यास पूर्ण गुण' असं ठळक लिहिलेलं असावं आणि ते नमुना उत्तर निकालानंतर सगळ्यांना वाचायला मिळावं, एवढंच मागतो आहे.

आज ते मिळत नाही. या बंद कपाटाचा इतिहासही आपल्याच मंडळाचा आहे. उत्तरपत्रिका पाहू द्या, पुन्हा तपासू द्या, अशी मागणी घेऊन काही विद्यार्थी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1984 साली परितोष भूपेशकुमार शेठ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात निकाल मंडळाच्या बाजूने लागला. उत्तरपत्रिका दाखवायची नाही हा मंडळाचा नियम वैध ठरला. तपासणीचं काम अफाट आहे, निकालाला कुठेतरी पूर्णविराम हवा, हा त्यामागचा विचार होता. पुढे 27 वर्षांनी, 2011 मध्ये, केंद्रीय मंडळाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने माहिती अधिकार कायद्याच्या आधारे सांगितलं, की स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहणं हा विद्यार्थ्याचा हक्क आहे. आज आपल्याकडे शुल्क भरून छायाप्रत मिळते आणि ती घेतल्यावर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो.

छायाप्रत मिळाली, पण फूटपट्टी नाही. मुलाच्या हातात लाल टिका आणि गोल केलेले आकडे येतात. कोणत्या मुद्द्याचे गुण गेले, हे कळायला नमुना उत्तर शेजारी लागतं. केंद्रीय मंडळ आपली गुणदान योजना संकेतस्थळावर ठेवतं, तिथे काही आभाळ कोसळलेलं नाही. आपल्याकडे परीक्षकांसाठीच्या सूचना अख्ख्या राज्याने पाहिल्या, त्या 2023 साली बारावी इंग्रजीच्या पेपरात. कवितेवरच्या प्रश्नांच्या जागी त्या चुकून छापल्या गेल्या म्हणून. मंडळाला त्यापायी सहा गुण द्यावे लागले. जे चुकून झालं, ते निकालानंतर ठरवून करायला काय हरकत आहे?

दुसरी मागणी बिनखर्चाची आहे. नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन यांनी आपल्या अध्यापनाच्या काळातला अनुभव लिहून ठेवला आहे. ते एका विद्यार्थ्याची सगळी उत्तरं सलग तपासत. पहिलं उत्तर आवडलं, की दुसऱ्यातल्या चुका पोटात घातल्या जात. मग त्यांनी पद्धत बदलली. आधी सगळ्यांचं पहिलं उत्तर, मग सगळ्यांचं दुसरं. गंमत म्हणजे त्यामुळे त्यांचा स्वतःवरचा विश्वास डळमळला. एकाच मुलाला एका उत्तरात भरपूर आणि दुसऱ्यात तुटपुंजे गुण पडू लागले. पण आधीचा तो नीटनेटकेपणाच खोटा होता, हे त्यांच्या लक्षात आलं. किमान दीर्घोत्तरी प्रश्नांपुरती ही रीत मंडळाने परीक्षकांना घालून द्यावी.

अर्थात, रीत पाळायला सवड लागते. दिवसा वर्ग, पर्यवेक्षण आणि रात्री गठ्ठा, वर निकालाची तारीख डोक्यावर. 2023 च्या फेब्रुवारीत कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षकांनी मागण्यांसाठी तपासणीवर बहिष्कार टाकला, तेव्हा हे काम करतं कोण, याची आठवण राज्याला चार दिवस राहिली. दमलेला मेंदू हॅलोला लवकर शरण जातो, हे सांगायला प्रयोगशाळा नको.

मॅडमनी त्या चोविसाव्या उत्तरपत्रिकेनंतर आपली रीत बदलली. टेबलावर जागा पुरेना म्हणून दिवाणावर उत्तरपत्रिका पसरून त्या एकेक प्रश्न घेऊन फेरी मारत. वेळ जास्त लागायचा, दिवा आणखी उशिरा मालवायचा. परवा गणपती माथ्यावर भाजी घेताना भेटल्या, तेव्हा न राहवून विचारलं, "शेवटी त्या चोविसाव्याला किती दिलेत हो?"

त्यांनी कोथिंबिरीची जुडी पिशवीत ठेवली. म्हणाल्या, "ते गोपनीय आहे. का दिले ते विचारा, सांगते."