आमच्या वाचनालयातल्या क्रिप्टोच्या बैठकीत काहीच का विकत नाहीत

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन निवांत वाचा.

गेल्या आठवड्यात इथेच सूचना टाकली होती. रविवारी संध्याकाळी ५ वाजता, विट्यात, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये बिटकॉइन, ब्लॉकचेन वगैरेची तोंडओळख. फी नाही, कोणीही या. त्यावर एका जुन्या वर्गमित्राने लिहिलं, "म्हणजे तू पण एजंट झालास का?"

राग आला नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. अशी शंका घेणारा एक माणूस २०२१ मध्ये आमच्या घरात असता तर माझ्या मामांचे ६ लाख वाचले असते.

मामा ३० वर्षं कोईमतूरला गलाईच्या धंद्यात होते. आमच्या भागातल्या लोकांना गलाई म्हणजे काय ते सांगायला नको. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देणं. हा माणूस सख्ख्या भावाच्या हातचं सोनंसुद्धा कस लावल्याशिवाय घेणार नाही. तो २०२१ च्या दिवाळीनंतर सांगलीच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये एका 'कॉइन'च्या सेमिनारला गेला आणि आठ दिवसांत गावी घर बांधायला ठेवलेले पैसे देऊन मोकळा झाला. का? कारण बोलावणारा त्यांच्या ओळखीतला, त्यांच्याच धंद्यातला माणूस होता. जेवण चांगलं होतं. स्टेजवरचा सूटवाला मराठीत बोलत होता आणि दोन वर्षांत चौपट म्हणत होता.

आता जे सांगतो ते आजपर्यंत इथे लिहिलेलं नाही. त्या हॉलमध्ये मामांच्या शेजारच्या खुर्चीवर मी बसलो होतो. पुण्याची नोकरी तेव्हा घरूनच चालू होती, म्हणून गाडी घेऊन मीच त्यांना नेलं होतं. मला बिटकॉइन म्हणजे काय ते बऱ्यापैकी माहीत होतं. "या कॉइनचे व्यवहार कुठल्या ब्लॉकचेनवर दिसतात, आत्ता पडद्यावर उघडून दाखवा" एवढा एक प्रश्न विचारायला पाहिजे होता. तो माझ्या तोंडापर्यंत आला होता. पण चारचौघांत मामांच्या मित्राचा अपमान कशाला, म्हणून गप्प बसलो. सहा महिन्यांत ॲप बंद पडलं आणि मित्राने फोन उचलणं बंद केलं.

असो. मुद्दा असा की बिटकॉइनचा सगळा दावाच असा आहे की कोणावर आंधळा विश्वास ठेवायची गरज नाही, हिशेब स्वतः तपासा. २००८ साली सातोशी नाकामोतो या टोपणनावाने जो निबंध प्रसिद्ध झाला त्याचा गाभा तोच. आणि आपल्याकडे हा विषय गावोगावी पोचला तो मात्र भावकी, मित्र आणि माजी सहकारी यांच्या भरवशावर. तपासायची सवय पोचलीच नाही.

हे फक्त माझ्या मामांचं नाही. वनकॉइन आठवतंय का? एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबई पोलिसांनी त्याच्या प्रचाराच्या बैठकीवरच छापा टाकून अनेकांना अटक केली होती. त्या वनकॉइनच्या मागे खरी ब्लॉकचेन नव्हतीच. त्याची जन्मदाती रुजा इग्नातोवा ऑक्टोबर २०१७ पासून गायब आहे. दुसरं प्रकरण गेनबिटकॉइनचं. दरमहा १० टक्के, १८ महिने, असं आश्वासन होतं. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी त्याच्या सूत्रधाराला पकडलं. आणि पुढे २०२२ मध्ये, याच तपासात मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांना पोलिसांनी अटक केली. आरोपींची नाणी परस्पर वळवल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला.

या दोन्हींतला फरक नीट बघा. वनकॉइनमध्ये नाणंच खोटं होतं. गेनबिटकॉइनमध्ये लोकांनी दिलेलं बिटकॉइन खरं होतं, स्कीम खोटी होती. म्हणजे "बिटकॉइन खरं आहे ना?" याचं उत्तर "हो" आलं म्हणून तुमचे पैसे सुरक्षित होत नाहीत. नवख्या माणसाला हा फरक सांगणार कोण? पुण्या-मुंबईत मीटअप होतात, पण त्या बहुतेक इंग्रजीत आणि कोडिंग करणाऱ्या पोरांसाठी. बँकवाले म्हणतात, "नादाला लागू नका." यूट्यूबवाला म्हणतो, "खाली लिंक आहे." गावात समोर बसून मराठीत समजावणारा उरतो तो फक्त एजंट. म्हणून ही बैठक.

आम्ही काय करतो ते सांगतो. पहिल्या तासात मोबाईल पिशवीत. १० जणांना १० शंभरपानी वह्या देतो. प्रत्येकाच्या नावावर १० चिंचोके, फक्त कागदावर. किराणावाले काका मोठ्याने म्हणतात, "मी बाईंना ३ दिले." दहाही जण आपापल्या वहीत लिहितात. पान भरलं की बेरीज करायची आणि तो आकडा पुढच्या पानाच्या डोक्यावर, 'मागील पानावरून' म्हणून. आपल्या रोजमेळात असतं तसंच. मग एकाला गुपचूप सांगतो की पहिल्या पानावरच्या ३ चे ८ करा. तो करतो. लगेच त्याच्या पुढच्या सगळ्या पानांची बेरीज बिघडते, आणि ती सगळी खाडाखोड करून दुरुस्त केली तरी बाकीच्या ९ वह्या वेगळंच सांगतात. ब्लॉकचेनची कल्पना साधारण एवढीच. खऱ्या व्यवस्थेत बेरजेऐवजी कठीण गणित असतं, आणि बिटकॉइनमध्ये डोकी मोजत नाहीत, संगणकशक्ती मोजतात. पण सातवीतल्या मुलीलाही वह्यांचा खेळ कळतो.

दुसरा तास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात याच वह्या काय करू शकत नाहीत ते दाखवतो. काकांनी ३ ऐवजी चुकून ३० म्हटलं असतं आणि तेवढे त्यांच्या नावावर असते, तर दहाही वह्यांनी तेही इमानदारीने लिहून घेतलं असतं. परत मागायला मॅनेजर नाही. किल्ली म्हणून जे १२ किंवा २४ शब्द मिळतात ते दुसऱ्याच्या हाती लागले तर चोरीचीही चोख नोंद होते. म्हणून ते शब्द फोटो काढून ठेवायचे नाहीत, व्हॉट्सॲपवर स्वतःलाही पाठवायचे नाहीत. आणि एक्स्चेंजवर ठेवलं तर किल्ली त्यांच्या हातात असते. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्सवर सायबर हल्ला होऊन सुमारे २,००० कोटी रुपयांची क्रिप्टो गेली आणि साध्या ग्राहकांचे पैसे अडकून पडले. बँक बुडाली तर ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे. इथे तसलं काही नाही.

मग टॅक्स. एजंट छातीठोक सांगतात, "सरकार टॅक्स घेतं, म्हणजे हे मान्यताप्राप्त आहे." तसं नाही. टॅक्स घेणं म्हणजे हमी देणं नव्हे. २०२२ च्या बजेटपासून नफ्यावर सरसकट ३० टक्के, वर सेस, शिवाय विकताना १ टक्का टीडीएस. एका नाण्यात ५० हजार फायदा झाला आणि दुसऱ्यात ५० हजार तोटा, तर हातात शून्य. तरीही त्या फायद्यावर सेस धरून १५,६०० रुपये टॅक्स बसतो, कारण तोटा वजा करता येत नाही. हे उदाहरण फळ्यावर लिहिलं की हॉलमध्ये एकदम शांतता होते.

बैठकीचे नियम चार आहेत. कोणाचीही रेफरल लिंक चालणार नाही. आज भाव काय, उद्या किती होईल, ही चर्चा नाही. कोणाकडे किती आहे हे विचारायचं नाही. आणि बैठक घेणाऱ्याला, म्हणजे मला, कुठूनही एक रुपया मिळणार नाही. वह्या आणि चहाचा खर्च आम्ही तिघं मित्र वाटून घेतो. दुसऱ्या बैठकीला एका ॲपवाल्यांनी बॅनर आणि नाश्ता देऊ केला होता. नको म्हटलं. ज्याच्या नाश्त्यावर बैठक चालते, त्याच्याबद्दल प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही. हे मी सांगलीच्या त्या हॉलमध्ये शिकलोय.

आता एक आक्षेप मला मान्य आहे. आमच्या एका सरांनी विचारलं, "तू काही विकत नाहीस ठीक आहे, पण जे कधी या वाटेला गेले नसते त्यांना तूच ओळख करून देतोयस ना?" खरं आहे. बैठकीला आलेल्या एका पोराने महिन्याभराने उधार पैशातून फ्युचर्सचा सौदा केला आणि हात पोळून घेतले. त्याची जबाबदारी माझ्याकडे शून्य आहे असं मी म्हणणार नाही. पण हा विषय आता प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आहे. आपण गप्प बसल्याने तो जात नाही, फक्त बोलणारा बदलतो. त्या घटनेनंतर उधारीचे सौदे कसे बुडवतात यावर एक आख्खी बैठक घेतली, एवढंच करू शकलो.

आणि हे तंत्र म्हणजे फक्त भावाचा खेळ नाही हेही सांगायला हवं. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत प्रशासनाने २०२२ मध्ये ६५ हजार जातीच्या दाखल्यांची नोंद ब्लॉकचेनवर घ्यायचं काम हाती घेतलं. उद्देश असा की दाखला बनावट आहे का ते पटकन तपासता यावं. अर्थात मूळ दाखलाच चुकीचा दिला असेल तर ब्लॉकचेन ती चूकच जपून ठेवणार. दोन्ही बाजू एकाच बैठकीत सांगता येतात, आणि लोकांना त्या कळतात.

मागच्या महिन्यात मामा आले. न सांगता आले, शेवटच्या बाकावर बसले. वह्यांचा खेळ संपल्यावर त्यांनी हात वर केला आणि विचारलं, "त्या कॉइनचं हे असलं पान आपल्याला बघता आलं असतं का?" मी म्हटलं, "बघता आलं नसतं मामा. पानच नव्हतं." ते म्हणाले, "मग विचारायला पाहिजे होतं." मला काही बोलता आलं नाही. बैठक संपल्यावर त्यांनीच सगळ्या वह्या गोळा करून दिल्या.

तर वर्गमित्रा, उत्तर हे असं आहे. तरीही शंका असेल तर रविवारी ये आणि सगळ्यांसमोर मला प्रश्न विचार. अपमान वगैरे होत नाही.

बाकीच्यांना दोन विनंत्या. कोणी तुम्हाला हॉटेलच्या हॉलमध्ये असल्या मीटिंगला बोलावलं तर एकटे जाऊ नका, आणि गेलात तर "व्यवहार कुठे दिसतात ते आत्ता दाखवा" एवढं मोठ्याने विचारा. फसलाच असाल तर लाजून घरात बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. आमच्या मामांनी लाजेपायी चार महिने कोणाला सांगितलं नव्हतं.

रविवारी ५ वाजता. येताना पेन आणा, वह्या आमच्याकडे आहेत.