बाळापूरचे खारे पाणी, अकोल्याचे डायलिसिस

मागच्या उन्हाळ्यात बाळापूर तालुक्यातल्या पूर्णेकडच्या एका गावी आम्ही शासकीय योजनांचे अर्ज भरून द्यायला बसलो होतो. बुद्धविहाराचा ओटा, प्लास्टिकचे टेबल, आधार कार्डांच्या झेरॉक्सचा गठ्ठा. एक मावशी नवऱ्याचा अर्ज घेऊन आल्या. नवरा पंचेचाळीस वर्षांचा, शेतमजूर, दीड वर्षापासून घरी. कारण विचारले तर म्हणाल्या, "किडन्या गेल्या न भाऊ त्याइच्या. आठ दिवसातून दोनदा अकोल्याले न्या लागते मशीनवर." रांगेतल्या आणखी तिघांनी मग न विचारताच आपापल्या घरातले, भावकीतले एकेक नाव सांगितले.

आजार कळला कधी? पाय सुजले, ओकाऱ्या थांबेनात तेव्हा. त्याआधी कधीच तपासणी नाही झाली? "एकडाव झाली होती न. जयंतीले तुमीच तं मशीन लावलं होतं दंडाले. बीपी वाढेल हाय म्हने. मंग कोनी इचारलंच नाही."

ते शिबिर आमचेच होते. फोटो फेसबुकवर टाकले होते, किती जणांची तपासणी झाली तो आकडाही अभिमानाने टाकला होता. ज्यांचा रक्तदाब जास्त निघाला त्यांचे पुढे काय झाले, हे लिहून ठेवणारी एक वही मात्र आमच्याकडे नव्हती. सरकारी आरोग्यव्यवस्थेवर लिहायला बसलो तेव्हा ही गोष्ट आधी सांगणे मला भाग वाटले, कारण व्यवस्थेचा जो दोष आहे तोच आपल्या शिबिरातही आहे. आजार शेवटच्या टोकाला गेल्यावर धावपळ होते. सुरुवातीला कोणी मागे लागत नाही.

वऱ्हाडाबाहेरच्या मित्रांसाठी थोडे सांगतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात साडेचार हजार चौरस किलोमीटरांहून मोठा पट्टा असा आहे की जिथले भूजलच खारे आहे. यालाच आपण खारपाणपट्टा म्हणतो. सुमारे 900 गावे त्यात येतात. बाळापूर तालुक्यातच दोन तऱ्हा दिसतात. पातूरच्या बाजूला वाडेगावकडे गेलात तर लिंबाच्या बागा दिसतील. उत्तरेला उरळ, अंदुरा या बाजूला गेलात की हातपंपाचे पाणी तोंडात धरवत नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत; दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यावे. या पट्ट्यात त्याच्याही वरची विहीर निघाली तर कोणाला नवल वाटत नाही.

आता प्रश्न असा की खारे पाणी प्यायले म्हणून किडनी जाते का? आपले कार्यकर्ते भाषणात सरळ "हो" म्हणतात. शास्त्र इतके सरळ उत्तर देत नाही. किडनी निकामी होण्याची सगळ्यात मोठी कारणे म्हणजे मधुमेह आणि उच्च रक्तदाब. पोटात मीठ जास्त जाणे रक्तदाबाला पोषक ठरते, हे नक्की. खारे पाणी चवीला वाईट म्हणून माणूस ते कमी पितो, हे आम्ही घराघरात ऐकतो. त्यात ऊन. मे 2024 मध्ये अकोल्यात पारा 45 अंशांच्या पलीकडे गेला आणि जिल्हा प्रशासनाला उष्णतेपायी कलम 144 लावावे लागले. त्या उन्हात नांगरलेल्या वावरातला काडीकचरा वेचणारा माणूस दिवसभरात किती पाणी पितो आणि कसले पितो? संध्याकाळी अंग दुखते म्हणून मेडिकलवरून दुखण्याची गोळी घेतो, नाहीतर गावातल्या डॉक्टरकडे जाऊन "सुई" मारून घेतो. वेदनाशामक औषधे वर्षानुवर्षे घेतली तर किडनीवर मार बसतो, हे वैद्यकशास्त्राला पक्के ठाऊक आहे. म्हणजे एकाच माणसावर पाणी, ऊन, मीठ आणि गोळी असे चारही बाजूंनी घाव पडत असतात, आणि हा माणूस बहुतेक वेळा भूमिहीन असतो. आपल्या वस्तीत भूमिहीन किती आहेत ते मी वाचकांना सांगायची गरज नाही.

किडनीचा आजार लबाड आहे. बरीचशी किडनी निकामी होईपर्यंत तो दुखत नाही, खुपत नाही. तो लवकर पकडायला दोनच साध्या गोष्टी लागतात. लघवीत प्रथिने जातात का ते पट्टी बुडवून पाहायचे आणि रक्तातले क्रिएटिनीन मोजायचे. लवकर सापडला, रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवली, दुखण्याच्या गोळ्या सोडल्या, तर डायलिसिसची वेळ कित्येक वर्षे पुढे ढकलता येते, काहींची तर टळतेच.

मग हे होत का नाही? केंद्र सरकारच्या मोफत तपासणी योजनेत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर 63 तपासण्या ठरवून दिल्या आहेत आणि क्रिएटिनीन त्यात आहे. महाराष्ट्रात महालॅबच्या मार्फत आरोग्य केंद्रात रक्त घेऊन प्रयोगशाळेत पाठवायची सोयही आहे. पण ही तपासणी डॉक्टरने लिहून दिली तर होते. आणि डॉक्टरपर्यंत माणूस जातो केव्हा, तर पाय सुजल्यावर. दुसरीकडे, आशाताई घरोघरी जाऊन तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा जो फॉर्म भरतात त्यावरून रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कर्करोग अशा आजारांची चाळणी होते. देशभर एकच फॉर्म. खारपाणपट्ट्यातल्या आशाताईने किडनीबद्दल वेगळे काही विचारावे अशी सोय त्यात नाही. क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद 2012 पासून सक्तीची आहे. किडनीच्या रुग्णाची नाही. म्हणून अमुक गावात किती जण डायलिसिसवर आहेत असे कोणी विचारले तर अधिकारी एकमेकांकडे पाहतात आणि मग गावातली म्हातारी माणसे बोटांवर मोजून दाखवतात.

शेवटच्या टोकाला मात्र व्यवस्था जागी आहे. 2016 पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसते. 2023 च्या निर्णयाने या योजनेचे संरक्षण दीड लाखांवरून पाच लाखांपर्यंत वाढवले आणि किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेली. हे चांगलेच झाले, आपल्या कितीतरी लोकांचे जीव त्यावर तगून आहेत. फक्त "मोफत" या शब्दाचा हिशेब एकदा त्या मावशींच्या घरी बसून करा. आठवड्याला दोन म्हणजे वर्षाला 104 खेपा. मशीनवर चार तास, येणे-जाणे धरले तर आख्खा दिवस. रुग्णाची मजुरी बंद झालेलीच असते, सोबत जाणाऱ्याचे आठवड्याचे दोन रोज बुडतात. एसटीच्या सवलतींच्या यादीत डायलिसिसच्या रुग्णाला मोफत प्रवास आहे, हे त्या ओट्यावर बसलेल्या एकालाही माहीत नव्हते. खरे सांगायचे तर मलाही तोपर्यंत नव्हते.

आणखी एक गंमत पाहा. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरपासून सगळे मोफत झाले. वैद्यकीय महाविद्यालये दुसऱ्या खात्याकडे, वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. तिथे हा निर्णय लागू झाला नाही. म्हणजे ग्रामीण रुग्णालयातून "रेफर" होऊन मोठ्या दवाखान्यात जाणारा माणूस मोफत खिडकीवरून पैशाच्या खिडकीवर पाठवला जातो. रक्कम किरकोळ असते, पण खिशात बसभाड्यापुरतेच पैसे असलेल्याला ती किरकोळ नसते. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला केंद्राच्या योजनेतून सुपर स्पेशालिटी रुग्णालय मंजूर झाले, इमारत उभी राहिली, आणि पदे व भरतीच्या घोळात सेवा सुरू व्हायला वर्षे गेली. इमारतीची फीत कापता येते. माणसांच्या भरतीची कापता येत नाही, गावात क्रिएटिनीन मोजल्याची तर नाहीच नाही.

देशाचे चित्र याहून वेगळे नाही. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर न्यायचे ठरवले होते. 2021-22 मध्ये, म्हणजे कोरोनाच्या काळातही, तो 1.84 टक्क्यांवर होता. एकूण आरोग्यखर्चातला 39.4 टक्के वाटा लोकांच्या खिशातून गेला. त्याच धोरणात लिहिले आहे की दोन तृतीयांश किंवा अधिक निधी प्राथमिक सेवेवर खर्च व्हावा. धोरण वाचले तर भांडायला वेगळा मुद्दा शोधावा लागत नाही.

आता थोडे दूर, आंध्र प्रदेशातल्या श्रीकाकुलम जिल्ह्यात जाऊ. तिथल्या उद्दानम भागात नारळ-काजूच्या बागांत राबणाऱ्या माणसांच्या किडन्या कित्येक वर्षांपासून निकामी होत आहेत. अनेक पथके आली, पाणी तपासले, माती तपासली. एकच एक कारण आजही सिद्ध झालेले नाही. पण लोकांच्या रेट्यापुढे सरकारला कारण सापडायची वाट पाहत बसता आले नाही. डायलिसिसवरच्या रुग्णाला महिना 10,000 रुपये पेन्शन सुरू झाले. हिरामंडलम जलाशयातून आठशेवर गावांना नळाने पाणी देणारी सुमारे 700 कोटींची योजना झाली. पलासा येथे 200 खाटांचे रुग्णालय आणि किडनी संशोधन केंद्र झाले. 14 डिसेंबर 2023 रोजी दोन्हींचे उद्घाटन झाले. तिथे सगळे आलबेल आहे असे मी म्हणत नाही. पण पाणी, पेन्शन आणि दवाखाना हे तीन प्रश्न एकत्र धरले गेले. आपल्याकडे पाणी एका खात्याचे, किडनी दुसऱ्याची, आणि निराधाराचा अर्ज तहसीलच्या तिसऱ्या टेबलावर.

पाण्याचा प्रश्न आपल्याकडे गाजला नाही असे नाही. वान धरणातून बाळापूर तालुक्यातल्या 69 गावांना पाणी देण्याच्या योजनेला स्थगिती मिळाली म्हणून एप्रिल 2023 मध्ये आमदार नितीन देशमुख यांनी खाऱ्या पाण्याचा टँकर सोबत घेऊन अकोला ते नागपूर पदयात्रा काढली होती. टीव्हीवर चार दिवस चर्चा झाली ती कोण कोणाला काय बोलले याची. तेल्हारा भागातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता, कारण वानचे पाणी हे त्यांचे सिंचन आहे. त्यांना शत्रू ठरवून चालणार नाही. त्यांचा घासही खराच आहे. पिण्याला किती, शेतीला किती, हे हिशेब मांडून ठरवायचे काम शासनाचे होते. दोन तालुक्यांत भांडण लागले की ते काम टळते. आणि त्या सगळ्या गोंधळात आरोग्य विभागाला कोणीही विचारले नाही की या 69 गावांत किडनीचे रुग्ण किती.

दरम्यान गावोगावी आरओचे जार आले. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याचे पाणी गोड झाले. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याची ओंजळ घेतली तेव्हा तळे होते, पाणी चांगले होते, आपल्याला ते शिवू देत नव्हते. आज हातपंप वस्तीतच आहे, कोणी अडवत नाही, पण पाणी पिण्यासारखे नाही आणि पिण्यासारखे पाणी गाडीवरून विकत येते. रोजमजुरी बुडाली की पहिला जार बंद होतो. संविधानाच्या कलम 47 ने लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे आद्य कर्तव्य म्हटले आहे. ते मार्गदर्शक तत्त्व आहे, त्याच्या आधारे कोर्टात थेट दाद मागता येत नाही. ग्रामसभेत मात्र मागता येते.

म्हणून तरुणांना माझे मागणे फार मोठे नाही. 14 एप्रिलच्या शिबिरात रक्तदाबाबरोबर लघवीची पट्टी ठेवा. ती महाग नाही. तिशीच्या पुढच्या ज्याचा रक्तदाब जास्त, साखर जास्त किंवा पट्टीचा रंग बदललेला, त्याला चिठ्ठी देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या आणि महालॅबमधून क्रिएटिनीन करून द्या असे वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगा. योजनेत आहे, उपकार नाही. सांगणारा एकटा असला तर कदाचित "पुढच्या आठवड्यात या" म्हणतील; वीस जण चिठ्ठ्या घेऊन गेले तर म्हणायला जड जाईल. ग्रामसभेत दोन ठराव घ्या: खारपाणपट्ट्यातल्या गावांसाठी आशाताईंच्या फॉर्मला किडनीची जोड द्यावी, आणि पाण्याच्या तपासणीचा अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. गावातल्या मेडिकलवाल्याशी, डॉक्टरशी दुखण्याच्या गोळ्यांबद्दल बोला. हे बोलणे अवघड जाते हे मी अनुभवले आहे, कारण तोच रात्री-बेरात्री उधारीवर औषध देणारा माणूस असतो. तरी बोला. आणि वही ठेवा.

आम्ही यंदा ती वही सुरू केली. नाव, वय, रक्तदाब, पट्टी, क्रिएटिनीन, पुढची तारीख, आणि मागे कोण जाणार त्या कार्यकर्त्याचे नाव. त्या मावशींचा मोठा मुलगा गवंडीकाम करतो. वय बावीस, आमच्या तिशीच्या नियमात बसत नाही, तरी आईने हाताला धरून आणला. क्रिएटिनीन ठीक निघाले. रक्तदाब दोन्ही वेळा जास्त निघाला. त्याच्या ओळीत पुढच्या महिन्याची तारीख घातली आहे आणि शेवटच्या रकान्यात माझे नाव आहे.