सूर जुळल्याविण

अकोला-अमरावतीकडे वैशाखांत पारा ४७ अंशांस टेकला, म्हणजे हवा तापली असें आपण म्हणतों. वस्तुतः होतें काय, तर हवेचे रेणु अधिक वेगानें धांवूं लागतात व प्रत्येक रेणु सेकंदास अब्जावधि वेळां दुसऱ्यांवर आदळतो. परंतु हवेचा सुमारें चार-पंचमांश भाग असलेल्या नत्रवायूच्या रेणूंत जे दोन अणु असतात, त्यांस ह्या टकरींनीं सहसा कंप सुटत नाहीं. इतक्या उन्हाळ्यांतहि लाखांत दोनतीनच रेणु कंपित सांपडतील. आघात उदंड, पण अंतरांत हालचाल नाहीं!

विरळ नत्र नळींत भरून त्यांतून वीज सोडली, म्हणजे मात्र त्याचे रेणु कंप पावतात. दोन्ही अणु सारखेच असल्यामुळें ही कंपनशक्ति त्यास किरणरूपानें बाहेर टाकतां येत नाहीं. आपसांतील कोट्यवधि टकरा सोसूनहि तो ती सांभाळून ठेवतो. पण आपल्या उच्छ्वासांत असणाऱ्या कर्बद्विप्राणिद वायूचा रेणु भेटला, कीं प्रकार पालटतो. ह्याच्या एका कंपनाचा नत्राच्या कंपनाशीं असा मेळ बसतो, कीं दोहोंत शेंकडा एकाचेंहि अंतर नाहीं. जी किंचित् उणीव राहते, ती रेणूंच्या धांवण्यांतून भरून निघते. आणि कांहीं शें टकरींतच ती शक्ति त्यास पोंचते. तंबोऱ्याच्या जोडाची एक तार छेडतांच दुसरी झंकारते, तसेंच हें.

ह्या देवघेवीचा उपयोग करून दाखविणारे शास्त्रज्ञ महाराष्ट्रांतच जन्मले. चंद्रकुमार नारणभाई पटेल ह्यांचा जन्म १९३८ सालीं बारामतीचा, व शिक्षण पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजांतलें. पुढें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत त्यांनीं १९६४ सालीं कर्बद्विप्राणिदाचा लेसर सिद्ध केला, व त्याच वर्षीं त्यांत नत्राची जोड देऊन त्याचें बळ वाढविलें. ते किरण डोळ्यांस दिसत नाहींत. पण कारखान्यांत कापणीच्या कामीं व शस्त्रवैद्यांस ते आज उपयोगी पडतात.

घरांतील वडील मंडळींनीं ह्यांतून एवढें घ्यावें. मूल अभ्यास करीत नाहीं म्हणून दिवसांतून दहादां त्यास बोल लावणें, हे नुसते आघात होत. त्यानें मूल तापतें, हालत नाहीं. त्याचा ओढा कोणीकडे आहे हें आधीं ओळखावें, आणि त्या सुरांत शिकवावें. मग थोडक्या सहवासांतहि विद्या पोंचते.