समोर कोणी आहे का?

घाटकोपर मेट्रोच्या तपासणीत माझी बॅग दर शनिवारी अडते. मशीनमधून ती बाहेर आली की स्क्रीनसमोरची बाई मान वर करून माझ्याकडे बघते आणि मी बॅगेतून डोकावणाऱ्या दोन काठ्या काढून दाखवते. "क्या है ये?" "डांडिया." महिना कोणताही असो, घाटकोपरात या उत्तरावर कोणी शंका घेत नाही. मग मी अंधेरीची गाडी पकडते.

त्या काठ्या डांडियाच्या नाहीत. साधारण अठ्ठावीस इंच लांब, इंचभर जाड, वेताच्या. फिलिपिन्समधल्या काठीच्या युद्धकलेच्या. तिला अर्निस म्हणतात, एस्क्रिमा म्हणतात, कालीही म्हणतात. अंधेरीतल्या एका इमारतीच्या गच्चीवर आम्ही नऊ-दहा जण ती शिकतो. त्याआधी मुलुंडच्या एका मैदानावर मी चार वर्षं लाठीकाठी शिकले होते. त्यामुळे हल्ली प्रत्येक लग्नात, प्रत्येक ग्रुपवर मला एकच प्रश्न येतो: आपली शिवकालीन कला सोडून तू हे परदेशी खूळ का धरलंस?

त्याचं उत्तर एकदाच सविस्तर देते. कोणाला राग आला तर येऊ दे.

मुलुंडला आम्ही तीस जण रांगेत उभे राहायचो. दोघांत एवढं अंतर, की पूर्ण लांबीची लाठी फिरवली तरी शेजाऱ्याला लागू नये. शिट्टी वाजली की डावीकडे, शिट्टी वाजली की उजवीकडे, डोक्यावरून, पाठीमागून, पायाखालून. खोटं कशाला बोलू, मजा यायची. खांदे मजबूत झाले, दम वाढला. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून मी रस्त्याच्या मधोमध लाठी फिरवली, तेव्हा दोन्ही फुटपाथांवरचे मोबाइल माझ्याकडे वळलेले होते. तो व्हिडिओ अजून आईच्या फोनमध्ये आहे.

पण त्या चार वर्षांत माझ्यावर ठरवून एकदाही कोणी काठी उगारली नाही. मीही कोणावर उगारली नाही. आम्ही हवा मारत होतो.

एकदा मात्र लागलं, तेही चुकून. शोभायात्रेच्या तालमीत मागच्या मुलाचा पाय चुकला आणि त्याची लाठी माझ्या उजव्या करंगळीवर बसली. हाड मोडलं. प्लास्टर घालून दुसऱ्या दिवशी मैदानावर गेले आणि विचारलं, हातमोजे का वापरत नाही आपण? शिकवणारे हसले. म्हणाले, "मावळ्यांनी काय हेल्मेट घातलं होतं?" सगळे हसले, मीही हसले. मला तर अभिमानच वाटला.

आता वाटतं, तेव्हा तिथेच उत्तर द्यायला हवं होतं. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाला भेटायला जाताना शिवाजी महाराजांनी अंगात चिलखत घातलं होतं आणि डोक्याला लोखंडी टोप. चौथीच्या पोरालाही ही गोष्ट ठाऊक असते. ज्यांच्या नावाने तुम्ही वर्ग चालवता, ते शत्रूसमोर उघड्या अंगाने गेले नव्हते. आणि तुम्ही चौदा वर्षांच्या मुलीला साधा हातमोजा देत नाही, वर त्याला मर्दानी म्हणता?

तरीही मी मैदान सोडलं नाही. सोडलं ते एका प्रश्नामुळे. शाळेतल्या मुलींसाठी दहा दिवसांचं स्वसंरक्षण शिबिर होतं, मी मदतीला उभी होते. आठव्या दिवशी एका मुलीने हात वर केला. "सर, समोरच्याने काठी धरली तर?" सर म्हणाले, "तू एवढ्या वेगाने फिरवायची, की तो धरणारच नाही. चला, पुढचा हात." ती गप्प बसली. मीही बसले, कारण मला उत्तर येत नव्हतं. चार वर्षं झाली होती आणि काठी धरली तर काय करायचं, हे मला माहीत नव्हतं. दहाव्या दिवशी तिला प्रमाणपत्र मिळालं. 'आत्मरक्षणात सक्षम' असं त्यावर छापलं होतं.

माझा राग त्या कागदावर आहे. लाठी फिरवणं हा उत्तम व्यायाम आहे, सुंदर खेळ आहे, तसं म्हणून शिकवा. पण आठवीतल्या मुलीला दहा दिवस हवा मारायला लावून 'तू आता सक्षम' असं लिहून देणं हा धोका आहे. ती त्या कागदावर विश्वास ठेवेल. शिवाय पाच फुटांची लाठी घेऊन लेडीज डब्यात कोण चढणार आहे?

अंधेरीच्या गच्चीवरच्या पहिल्या दिवशी, पहिल्या दहा मिनिटांत, पन्नाशीच्या एका गृहस्थांनी माझ्या डाव्या कानशिलाच्या रोखाने काठी आणली. अगदी सावकाश. माझे पाय जमिनीला चिकटले. चार वर्षांचे सगळे हात त्या क्षणी कुठे गेले, कळलंच नाही. त्यांनी काठी कानापाशी थांबवली, म्हणाले, "पुन्हा."

तिथली सगळी शिकवणी या 'पुन्हा'वर चालते. वार कुठल्या दिशेने येतो, त्यावरून त्याला आकडा दिलेला असतो. एक म्हणजे इकडून, दोन म्हणजे तिकडून, बऱ्याच घराण्यांत असे बारापर्यंत. एक जण वार देतो, दुसरा घेतो. आधी क्रम ठरलेला, मग न ठरलेला, मग मध्येच हूल. ज्या हातात काठी नाही तो हातही कामाला लावतात. समोरच्याचं मनगट दाबायचं, कोपर ढकलायचं, काठी धरायची. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मला दुसऱ्याच आठवड्यात मिळालं. एक नाही, चार मिळाली. आणि पहिलं लक्ष्य डोकं नसतंच. काठी धरलेला हात असतो. त्याच्या बोटांवर बसली की काठी आपोआप पडते. हे माझ्या करंगळीला आधीच ठाऊक होतं.

साहित्याचंही तसंच. बांबू पोकळ असतो. काठीवर काठी आपटत राहिली की तो उभा चिरतो आणि ती चीर सुरीसारखी कापते. वेत आतून भरीव आणि तंतुमय. मार खाऊन तो पिंजतो, झाडूसारखा होतो, पण सहसा त्याची धारदार ढलपी उडत नाही. म्हणून रोज जोडीदाराच्या काठीवर काठी मारायची असेल तर वेत. आपल्या मास्तरांनी पिढ्यानपिढ्या वेत वापरला, पण तिथे समोरच्याच्या हातात काहीच नसायचं.

म्हणजे फिलिपिनो सगळे शहाणे आणि आपण मूर्ख, असं मी म्हणतेय का? मुळीच नाही. त्यांचाही एक 'शिवकाल' आहेच. १५२१ मध्ये मॅक्टन बेटावर लापुलापूच्या लोकांनी मॅगेलनला मारलं. त्या लढाईचा आजच्या काठीच्या वर्गांशी सरळ धागा जोडणारे तिथे हवे तितके सापडतात. पुरावा विचारला की आवाज चढतो. ओळखीचं वाटतंय ना? पण त्या अभिमानाशेजारी त्यांनी दुसरंही काम केलं. सेबू शहरात १९३२ मध्ये दोसे पारेस ही संस्था उभी राहिली. पुढे अंगावर कवच आणि डोक्याला जाळीचं शिरस्त्राण घालून स्पर्धा सुरू झाल्या. डिसेंबर २००९ मध्ये कायदा करून अर्निसला राष्ट्रीय खेळ ठरवलं. २०१९ च्या आग्नेय आशियाई स्पर्धांत त्यात वीस सुवर्णपदकं होती. अभिमान आहे, पण त्याला नियम आहेत, पंच आहेत आणि हेल्मेट आहे.

खोट त्यांच्यातही आहे. दोन काठ्यांचा सिनावली नावाचा प्रकार आहे. शब्द चटईच्या विणीवरून आलाय. दोघं समोरासमोर उभे राहून एका ठेक्यात काठ्या विणत जातात. रीलवर झकास दिसतं. पण ठेका ठरलेला असेल तर तो डांडियाच. समोर माणूस आहे, तो मारतोयही, पण तुम्हाला माहीत आहे तिथेच. अंधेरीत काही जण वर्षभर यातच रमतात, टी-शर्ट घेतात, सर्टिफिकेट घेतात. दुसरी खोट स्पंजच्या काठीची. ती लागत नाही, म्हणून माणूस बेदरकार होतो. तीन वार अंगावर घेऊन एक मारतो आणि जिंकलो म्हणतो. नुसत्या वेताने खेळलं असतं तर पहिल्याच वाराला हात खाली आला असता. म्हणून आमच्याकडे महिन्यातून एकदा, पूर्ण कवच घालून, हळू का होईना, खऱ्या वेताने खेळतात. त्या दिवशी सगळे एकदम नम्र असतात.

आता ज्या गोष्टीने माझी झोप उडवली, ती सांगते. ही स्पंजची काठी आपल्याकडे होती. तिचं नाव गदगा. फरी-गदगा हा आपल्या तालमींतला जुना खेळ. गदगा म्हणजे चामड्याचं आवरण चढवलेली काठी, फरी म्हणजे छोटी ढाल. दोघं समोरासमोर उभे राहायचे आणि खरंच एकमेकांना मारायचे. भाल्याच्या सरावासाठी बोथाटी होती, टोकाला बोंडा लावलेली. शब्दातच 'बोथट' आहे. द. चिं. मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात बडोद्याहून व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले. त्या पिढीला हे खेळ नुसते ऐकून नव्हे, खेळून माहीत होते. म्हणजे समोरच्याला मारायचं, पण जायबंदी करायचं नाही, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी सोडवला होता. आपण उत्तर फेकून दिलं आणि लाठी फिरवणं तेवढं ठेवलं, कारण ते मिरवणुकीत दिसतं.

पंजाबात हे टाकलं नाही. तिथल्या गतक्यात ढालीला आजही फर्री म्हणतात. तो गतका २०२२ मध्ये पंचकुलाच्या खेलो इंडिया स्पर्धांत खेळला गेला, २०२३ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय स्पर्धांतही. आपण २०२४ मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्र जाहीर केलं. छान केलं. पण मुंबईच्या उपनगरांत फरी-गदगा शिकवणारं कोणी आहे का, हे मी दोन वर्षं विचारतेय. मुलुंड, भांडुप, बोरिवली, सगळीकडे फक्त लाठी फिरवणारे भेटले. एकाने विचारलं, "ते गुजराती फरसाण का?"

इथे कोणीतरी शांताबाई पवारांचं नाव काढेल. जुलै २०२०, पुण्याचा रस्ता, पंच्याऐंशीची आजी आणि तिच्या हातात गरगरणारी काठी. तुम्हीही फॉरवर्ड केला असेल तो व्हिडिओ. गृहमंत्री भेटायला गेले, साडी आणि लाखभर रुपये दिले, सोनू सूदने शाळा काढून द्यायचं जाहीर केलं. त्या बाईबद्दल माझ्या मनात फक्त आदर आहे. डोंबारी समाजात लहानपणापासून शिकलेला खेळ ती पोटासाठी करत होती आणि तो खेळ आहे हे लपवत नव्हती. सक्षमतेचा कागद तिने कोणाला दिला नाही. उलट विचारायचं तर हे विचारा: एवढी वर्षं हा हात जपणाऱ्या माणसांना आपल्या किती वर्गांनी 'गुरुजी' म्हणून बोलावलं? टाळ्या रस्त्यावर आणि मानधन मैदानावर, अशी वाटणी कोणी केली?

पैसे नाहीत, हे कारण तर मला सांगूच नका. ज्या शहरात गल्लीगल्लीत क्रिकेटचं किट आहे, त्या शहरात हेल्मेट मिळत नाही? बॅटिंगचे हातमोजे, कोपराचा गार्ड, जाळीचं हेल्मेट. हे सगळं माळ्यावर पडलेलं असतं. हेल्मेटच्या जाळीत फट असते, काठीचं टोक आत शिरू शकतं, म्हणून भोसकण्याचे हात बंद ठेवायचे. काठीला स्पंजची नळी आणि वरून चिकटपट्टी. एवढ्यात काम होतं.

हे मी करून बघितलंय. शिबिरात प्रश्न विचारणारी ती मुलगी आता दहावीत आहे. तिच्या आईला विचारून गेल्या पावसाळ्यापासून दर रविवारी तिला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर बोलावते. भावाचं हेल्मेट तिला मोठं होतं, आत ओढणी गुंडाळून घालते. पहिल्या रविवारी मी तिची काठी धरली आणि म्हटलं, "आता?" ती ओढत राहिली, मी सोडली नाही. रडवेली झाली. दुसऱ्या रविवारी परत आली.

परवा मी पुन्हा धरली. तिने ओढली नाही. एक पाऊल पुढे आली, दुसऱ्या हाताने माझा अंगठा फिरवला आणि सुटलेल्या काठीने माझ्या मनगटावर सणसणीत ठेवून दिली. स्पंज होता, तरी लागली.

"ताई, जोरात बसली का?"

म्हटलं, "पुन्हा."