गोधडीच्या निमित्तानं



गेल्या वर्षी ८ मार्चच्या मोर्चासाठी फलक करायचा होता. हल्ली सगळेच फ्लेक्स छापून आणतात, आम्हीही आणायचो. मोर्चा संपला की तो पावसाळ्यात कुणाच्या तरी गळक्या पत्र्यावर जातो आणि खरं सांगायचं तर तिथंच त्याचा सर्वांत चांगला उपयोग होतो. या वेळी वस्तीतल्या गटानं ठरवलं, फलक शिवायचा आणि तोही गोधडीसारखा. प्रत्येकीनं घरातलं एक जुनं कापड आणायचं. मी मधल्या चौकटीसाठी चित्र काढून नेलं होतं. स्त्रीचिन्ह आणि त्यात आवळलेली मूठ. मूठ अर्थातच जांभळी, आपल्या चळवळीच्या रंगाची. ती कापून, टाचून झाली. तेवढ्यात ओट्यावर बसलेल्या एका आजींनी डोळे बारीक करून विचारलं, "मधी वांगं कशापायी काढलंय गं?"

हसून हसून बायकांच्या हातातल्या सुया पडल्या. एकीच्या आठवीतल्या मुलीनं तर हिरव्या चिंधीचा देठ कापून वर ठेवूनच पाहिला. मला मात्र अर्धा तास राग आला होता, हे कबूल करते. चित्र मी काढलेलं, कल्पना माझी, आणि त्याचं भरीत झालेलं! समाजकार्याच्या अभ्यासक्रमात लोकसहभागावर पानंच्या पानं लिहून मी चांगले गुण मिळवले होते. पण सहभाग म्हणजे आपलं चित्र दुसऱ्यांनी भरून देणं नव्हे, हे कळायला वांगं लागलं. देठ शिवायचा असं बहुमतानं ठरलं. मूठही राहिली. आता बघणारीनं काय ते ठरवावं.

पाच रविवार हे काम चाललं. पहिल्या रविवारी माझी आई सहज सोबत आली होती. माझं काम म्हणजे तिच्या लेखी लोकांच्या भांडणात नाक खुपसणं. संस्थेच्या बैठकीला ती कधी फिरकली नव्हती. इथं ती एका कोपऱ्यात बसली आणि दहाच मिनिटांत म्हणाली, "अगं, मधून काय सुरू करताय? कापडाला झोळ येईल. कडेपासून आत या." तिथून पुढे ती या कामाची मुकादम झाली. थर कसे नीट पसरायचे, कुठलं लुगडं अजून दमदार आहे आणि कुठलं हात लावला की फाटेल, टाका किती लांब घ्यायचा, सगळ्याजणी तिलाच विचारायच्या. मीही विचारायचे. म्हाताऱ्या बायकांना सुईचं नेढं दिसत नाही म्हणून पोरंटोरं दोरे ओवून देत होती. एकीचे यजमान शिंपीकाम करतात. ते येऊन म्हणाले, "मशीनवर तासाभरात मारून देतो की." त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांना काय उत्तर द्यावं तेच सुचेना. शेवटी त्यांच्याच बायकोनं सांगितलं, "लवकर संपवायचंय कुणाला?"

आमच्याच एका जुन्या कार्यकर्तीनं मात्र बैठकीत रोखठोक विचारलं, "रोज बायका मार खाऊन दारात येतायत आणि तुम्ही गोधड्या शिवत बसलात?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तिला दाखले देता आले असते. १९७३ च्या लष्करी उठावानंतर चिलेमध्ये बेपत्ता झालेल्यांच्या आया, बायका, बहिणी एकत्र बसून कापडाच्या तुकड्यांची चित्रं शिवू लागल्या. तोंडानं जे बोलायची सोय नव्हती, ते त्या चित्रांतून देशाबाहेर पोचलं. आपल्याकडे स्त्री मुक्ती संघटनेचं, ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं 'मुलगी झाली हो' १९८३ मध्ये आलं, तेव्हा त्यात काम करणाऱ्या बायका काही नटी नव्हत्या. त्यांनी मिळून उभं केलेलं ते नाटक गावोगाव गेलं आणि कित्येकींना पहिल्यांदा आपलं दुःख आपल्या एकटीचं नाही हे कळलं.

आमच्या ओट्यावरही तसं घडलं. दोन वर्षं समुपदेशनाला येऊन 'सगळं ठीक आहे' म्हणणारी एकजण तिसऱ्या रविवारी, मान खाली घालून टाके घालता घालता, घरात काय चाललंय ते बोलली. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही, सगळ्या आपापल्या टाक्यांकडे पाहत होत्या. म्हणूनच ती बोलू शकली असावी. माझ्या मनानं तेवढ्यात नोंद केली की हे अहवालात घालता येईल, आणि दुसऱ्याच क्षणी माझी मला लाज वाटली. अनुदानाच्या तक्त्यात 'निष्पत्ती' नावाचा रकाना असतो, तो भरून भरून आपल्याला अशी सवय लागते. बायका हसल्या, त्यांना मजा आली, हे त्या रकान्यात बसत नाही. म्हणून आपण आनंदाला काहीतरी कामाचं लेबल लावतो. मला वरचे दाखले खरे वाटतात, तरी त्या मैत्रिणीला उत्तर म्हणून ते द्यावेसे वाटले नाहीत. ती बोललीच नसती, तर पाच रविवार वाया गेले असते का?

या आनंदाला वेळ मात्र लागतो. चार वाजले की अर्ध्याजणी उठायच्या, नळाला पाणी यायची वेळ. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७, असं दिसलं. ज्यांनी घरात कामाला हातच लावला नाही, ते पुरुष या सरासरीत धरलेलेही नाहीत! बाईनं काही घडवायचं ते या २९९ मिनिटांच्या फटीतून, नाहीतर त्यांच्या आतच. ओव्या अशाच झाल्या. पहाटे जात्याशी समोरासमोर दोघी, एकीनं उचललेली ओवी दुसरीनं पुढे न्यायची. त्यात सासू-सून असत, जावा-जावा असत, शेजारणी असत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी मुळशीच्या गरीब डोंगरी संघटनेतल्या बायकांपासून सुरुवात करून हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर येत आहेत. एवढ्या ओव्या, आणि बहुतेकींची पहिली कर्ती कोण ते सांगता येत नाही. (जातं परत यावं असं मला मुळीच वाटत नाही. गिरणी आली हे उत्तमच झालं. फक्त दोघींची ती समोरासमोरची बैठक कुठं गेली, एवढाच प्रश्न आहे.)

घरातल्या माणसांबरोबर काही करणं मैत्रिणींपेक्षा अवघड. घरात कलावंत एकच असतो आणि बाकीचे चहा करतात, हे आपण पुष्कळ पाहिलंय. उलटही घडतं. बहिणाबाई चौधरी शेतात, चुलीपाशी गाणी रचत गेल्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईची गाणी सोपानदेवांनी आणि घरातल्या माणसांनी कागदावर उतरवून ठेवली. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. घरात ऐकणारं कुणी नसतं तर? अशा किती घरांत कुणी ऐकलं नाही, ते मोजायला कुठलं सर्वेक्षण नाही.

माझी आई आता विचारते, "पुढची कधी?" शब्द एवढेच, पण बोहारणीला द्यायची तीन पातळं तिनं बाजूला काढून ठेवलेली मी पाहिली आहेत.

मोर्चात फलक मिरवला. नंतर तो संस्थेच्या भिंतीवर लावायचा की वापरायचा यावर मोठाच वाद झाला. माझं मत भिंतीच्या बाजूनं होतं, पडलं. सध्या ती गोधडी महिना-महिना एकेकीच्या घरी असते. या महिन्यात ती तिसऱ्या रविवारी बोललेल्या त्या मैत्रिणीकडे आहे. ती आता बहिणीकडे राहते. परवा गेले तेव्हा तिचा धाकटा त्यावर गाढ झोपला होता, देठावर गाल टेकून.