मुनवा देऊन टाकावा

इंग्लंडच्या बर्फातही घरामागच्या बागेत केळ वाढते. 'मुसा बास्जू' ही तिची जात, मूळची दक्षिण चीनची. हिवाळ्याआधी बुंध्यावर पेंढ्याचं जाड पांघरूण घातलं की पानं गेली तरी कंद जगतो. थंडी सरली की पुन्हा कोंब येतात. फळ मात्र बियांनी भरलेलं, खाण्याजोगं नाही.

मग लावायची कशाला? मी म्हणतो, वाटायला. कंदाला मुनवे फुटतच राहतात. दोन-तीन काढून दिल्याने मूळ झाडाचं काही जात नाही, उलट त्याला जागा मिळते. जपानी कवीला १६८१च्या सुमारास शिष्याने अशीच एक केळ दिली. तिच्यावरून त्याने 'बाशो' हे नावच घेतलं.

रश्शात पाणी वाढवा, पण शेजाऱ्याला त्यातलं द्या, ही प्रेषितांची (स.) शिकवण. इथे तर पाणीही वाढवावं लागत नाही. कोकणातून ब्रिटनला गेलेल्या आपल्या माणसांना माझं एवढंच सांगणं : वर्षानुवर्षं शेजारी राहून नाव माहीत नसेल, तर एक मुनवा घेऊन त्याचं दार वाजवा. शेजाऱ्याचा हक्क धर्म विचारून ठरत नाही.