इस्पितळातील मधुमेही

मधुमेहाच्याच उपचारांसाठी इस्पितळात येणारे रुग्ण थोडे. बहुतेक मधुमेही तेथे दाखल होतात ते मांडीचे हाड मोडले म्हणून, न्युमोनिया झाला म्हणून, नाहीतर बाळंतपणासाठी. मधुमेह त्यांच्यामागोमाग आगंतुक पाहुण्यासारखा खाटेवर येऊन बसतो. हाडांचे डॉक्टर हाड पाहतात, छातीचे छाती. या पाहुण्याची उस्तवार मात्र रात्रपाळीच्या परिचारिकेच्या वाट्याला येते. ती कशी करावी हे तिला कोणी आणि कितपत शिकविले आहे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला आहे. तेव्हा हा प्रश्न एखाद्या खास विभागाचा राहिलेला नाही. तो प्रत्येक वॉर्डाचा आहे.

इन्शुलिन प्रथम माणसाला टोचले गेले ते १९२२ साली, टोरांटो येथे. शंभर वर्षे उलटली, पण ते टोचण्यातील धोके गेलेले नाहीत. आपल्याकडे कुपीतील इन्शुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटांचे, तर पेनातील १०० युनिटांचे असते. सिरिंजाही दोन जातींच्या : लाल टोपणाची ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. शंभराचे औषध चाळिसाच्या सिरिंजेत भरले की रुग्णाच्या अंगात अडीचपट मात्रा जाते. शिवाय आकड्यापुढे घाईघाईने लिहिलेले इंग्रजी 'यू' हे अक्षर शून्यासारखे दिसते आणि चाराचे चाळीस होतात! म्हणूनच ब्रिटनमध्ये २०१० साली 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहावा, असे रुग्णालयांना बजावण्यात आले. या सुधारणेला खर्च तो काय? शाईचे चार थेंब.

याहून नित्याची गोष्ट जेवणाच्या वेळेची. सुई वेळेवर टोचली जाते आणि जेवणाची गाडी तासाभराने येते. किंवा ताट येते तेव्हा रुग्ण क्ष-किरण खोलीबाहेर खोळंबलेला असतो. त्याला घाम सुटतो, हात कापतात, तो असंबद्ध बोलू लागतो. म्हातारा हट्टीपणा करतो आहे, असे भोवतालच्यांना वाटते. वस्तुतः रक्तातील साखर ७० च्या खाली गेलेली असते. अशा वेळी, रुग्ण शुद्धीवर असेल तर पंधरा ग्रॅम ग्लुकोज तोंडावाटे देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा रक्त तपासावयाचे असते. उलट, शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवलेल्या रुग्णाचे इन्शुलिन सरसकट बंद करणे हेही तितकेच घातक. टाइप-१ चा रुग्ण त्यामुळे मरणाच्या दारी जाऊ शकतो. केव्हा द्यावे, केव्हा कमी करावे आणि केव्हा मुळीच थांबवू नये, हा विवेक केवळ अनुभवाने येईल अशी आशा धरणे म्हणजे रुग्णाच्या जिवावर शिकणे होय.

२०२१ चा उन्हाळा महाराष्ट्र विसरलेला नाही. कोविडमधून उठलेल्या कित्येकांना काळ्या बुरशीने गाठले. कोणाचा डोळा गेला, कोणाचा जबडा. त्या आपत्तीत अनियंत्रित मधुमेह आणि साखर चढविणारी स्टेरॉइडे यांचा वाटा मोठा होता. स्टेरॉइड द्यावे लागले, हे समजण्यासारखे आहे. पण ते सुरू असताना साखर मोजत राहावे लागते, आणि मोजणारे शिकलेले हात त्या गर्दीत किती होते?

परिचारिकांची संख्याच अपुरी, त्यांना आणखी काय शिकविता, असे कोणी म्हणेल. अपुरेपणाची तक्रार खरी आहे आणि भरती झालीच पाहिजे. तथापि जिच्याकडे चाळीस खाटा आहेत तिला धोका झटकन ओळखता येणे अधिकच अगत्याचे ठरते. सभागृहातील एक व्याख्यान, चहा आणि प्रमाणपत्र, असले प्रशिक्षण आम्हाला अभिप्रेत नाही. शिक्षण वॉर्डात, रात्रपाळीच्या लोकांनाही गाठून व्हावे, वर्षाला त्याची उजळणी व्हावी आणि त्यात निवासी डॉक्टर, वॉर्डबॉय व स्वयंपाकघरातील माणसे यांनाही घ्यावे. साखर घसरलेली दिसताच डॉक्टरांची वाट न पाहता ग्लुकोज देण्याचा लेखी अधिकार परिचारिकेला मिळावा. मुंबई महापालिकेपाशी स्वतःची मोठी रुग्णालये आहेत आणि परिचारिकांना घडविणाऱ्या शाळाही आहेत. प्रारंभ तेथूनच व्हावा, आणि येत्या अंदाजपत्रकात त्यासाठी स्वतंत्र तरतूद दिसावी.